पाचवा लेख

२ फेब्रुवारी

चि. बाळीस मावशीचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. या वयात कॉलेजात गेले आणि आता तोंडावर आपटणार! प्रबंध करायचाय डावखुऱ्या मुलांच्या लिहिण्यावर. सर म्हणतात, सोमवारी पाच अभ्यासपूर्ण लेख दाखवा, नाहीतर विषय बदला. माझ्या वर्गातली ही पोरं वहीवर कशी अवघडतात ते रोज बघते, विषय कसा सोडू? तू सांगितलेल्या शोधयंत्राला सविस्तर लिहिलं: सप्रेम नमस्कार, मी शाळेत शिक्षिका असून... मेल्यानं एकही लेख दिला नाही. ताईला सांगू नकोस. तुझी आई हसायला लागली की थांबत नाही.

तुझी घाबरलेली मावशी

५ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न.

अगं, ते शोधयंत्र आहे, व्याही नव्हे! नेमके शब्द टाक: डावखुरी मुले, हस्ताक्षर, शाळा. कॉलेजच्या ग्रंथालयाच्या पानावरून सभासद क्रमांक घालून आत शिर, म्हणजे एरवी कुलूपबंद असलेले लेख उघडतील. चांगला लेख सापडला की त्याची संदर्भसूची वाच. मी ग्रंथपाल, दिवसभर हेच सांगते.

आईला फक्त विषय सांगितला. म्हणाली, तिनंही लग्नाआधी यावरच लेख लिहिला होता, कुत्र्यानंही हुंगला नाही.

लोभ वाढव, लेखही.
बाळी

१० फेब्रुवारी

चि. बाळीस आशीर्वादच आशीर्वाद!

सापडले गं! चार लेख लगेच मिळाले, पाचवा काही केल्या मिळेना. मग चौथ्याची सूची वाचत गेले, तर तिथे ताईचं माहेरचं नाव! नावावर टिचकी मारली आणि अख्खा लेख समोर. खाली लिहिलंय, तेवीस अभ्यासकांनी तो आधाराला घेतलाय. मी ग्रंथालयातच ओरडले, सगळ्यांनी डोळे वटारले. सरांनी विषय मंजूर केला! डाव्या हातानं लिहिते म्हणून ताईला पट्टी बसायची, मी लहान असताना बघितलंय. तिला आत्ताच्या आत्ता सांग.

तुझी हर्षवेडी मावशी

१३ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न.

आईला आधी खरंच वाटेना. मग ती तेवीस नावं छापून आणायला लावली, एकेका नावावर बोट ठेवून वाचली आणि ढसाढसा रडली. आता स्वयंपाक माझ्या गळ्यात. ती टेबलाशी बसून तुझ्यासाठी टिपणं काढतेय, कागद हवा तसा तिरका ठेवून, डाव्या हातानं.

माया असू दे, भाजी करपतेय.
बाळी

ता. क. हे मी लिहितेय, ताई. चोविसावं नाव तुझं हवं. लाग कामाला.