निनावी

बाईसाहेब,

आमच्या कारखान्यात देशोदेशीचे कलावंत शिल्पं घडवायला यायचे, त्या उन्हाळ्यांचा इतिहास तुम्ही लिहिताय, असं जुने मॅनेजर म्हणाले. गेटजवळच्या तुमच्या शिल्पाचा फोटो हवाय म्हणे.

आम्ही कामगार त्याला उंट म्हणायचो. आई मात्र ते रोज ओल्या फडक्यानं पुसायची. पाटीवर तुम्ही ‘निनावी’ लिहिलंत, ते तिला फार लागलं. "चांगलं नाव ठेवलेलं असताना निनावी कसं?" म्हणायची.

तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. माझा दादा ज्या भट्टीत पडला, तिच्यातलं त्या दिवशीचं पोलाद विकायला कंपनी धजावली नाही. म्हणून ते तुम्हाला फुकट दिलं. तुम्ही खूश होऊन सगळ्यांशी हात मिळवलात. माझ्याशीही.

आता कारखाना बंद पडलाय आणि शिल्पं भंगारात निघालीत. "परक्यानं कापण्यापेक्षा तूच काप," आई म्हणाली. मीच कापलं. तुकडे ट्रकमध्ये चढल्यावर ती ड्रायव्हरपाशी गेली. "खड्डे बघून सावकाश ने रे," एवढंच म्हणाली.

हे पत्र मी टाकणार नाही. फोटो मिळाला नाही, असं मॅनेजर कळवतील.

तुमच्या निनावीचा
धाकटा भाऊ