वाळूत सोळा, चिखलात वीस

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

पार्थने पहाटेच उठवलं – थालीपिठं हवीत! जीपवाल्यांच्या क्लबातल्या सगळ्यांच्या बायका झोपलेल्या आणि डबे मात्र माझ्याकडून. आज मुळा धरणाच्या कडेला वाळूत गाड्या घालणार. दर रविवारी असंच काहीतरी असतं.

निघण्याआधी पार्थने खाली पार्किंगमध्ये ओमला धडा दिला. ओम त्याच्याच कारखान्यातला, क्लबात नवीन. रस्त्यावर टायरात बत्तीस पौंड हवा. खडकात पंचवीस, चिखलात वीस, वाळूत सोळा. "हवा सोडली की टायर पसरतो. गाडी खाली बुडत नाही, वरच्या वर जाते. पण फार सोडलीस तर वळताना टायर रिममधून निघेल." आणि डांबरावर येण्याआधी परत भरायची, नाहीतर वेगात टायर तापून फुटतो. किती प्रेमाने सांगत होता! नवऱ्याने मला एवढ्या प्रेमाने काही समजावून सांगितल्याचं आठवत नाही. (तोंडावर 'अहो', या वहीत 'तो'. इथे तरी!)

डबे हातात धरून सगळं ऐकत उभी होते.

सोमवार, ६ ऑक्टोबर

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. शुक्रवार, सतरा. इथेच नगरला. डावा डोळा गेलेलाच आहे, आता उजव्यातला मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणाले, आणखी लांबवलं तर हाही हातचा जाईल. आधीच्या दोन तारखा पावसाने खाल्ल्या.

सोनईपासून आमची माहेरची वस्ती काही लांब नाही. पण डांबर संपलं की काळ्या मातीची वाट, आणि यंदा पाऊस हलायलाच तयार नाही. भाड्याची गाडी आत येत नाही. नानांचा ट्रॅक्टर आहे, पण आईच्या मणक्याचं काय? मागच्या तारखेला ट्रॉलीत गादी टाकून निघाले, तर हादऱ्यांनी निम्म्या वाटेतच ओरडायला लागली. परत न्यावी लागली.

पार्थला विचारलं.

"वेडी आहेस का? काळी माती चाकाला धरते. ती वाट आहे का? दलदल आहे नुसती. क्लच जाईल माझा."

म्हटलं, हवा कमी केली तर?

हसला! "तुला काय कळतंय त्यातलं?"

मला? लग्नाआधी त्याच काळ्या मातीत नानांचा ट्रॅक्टर कोण चालवायचं?  भाजीला फोडणी घातली.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आईचा फोन. "नगं येऊस. लई चिखल हाय. दिवाळी झाल्यावर बघू." दिसतंय का, विचारलं. "दिसतंय की! तुज्या नानांनी पांढरा शर्ट घातलाय, समदं दिसतंय."

मागून नाना म्हणाले, "निळा हाय."

रविवार, १२ ऑक्टोबर

आज चिखलाची पाळी. "राहुरीकडे गेलो होतो" म्हणे. संध्याकाळी ओम चहाला आला. गाडी छपरापर्यंत बरबटलेली. काळी माती! चाकाला धरणारी, क्लच खाणारी!

ओम रंगात आला होता. "वहिनी, वीस हवा ठेवून पण रुतली हो! मग एक म्हातारबाबा ट्रॅक्टर घेऊन आले, साखळी लावून ओढून काढली. पैसे देत होतो तर हातच लावेनात. पार्थदादांकडे नुसते बघत उभे राहिले –"

"पंकजा, चहात साखर कमी आहे," पार्थ म्हणाला.

साखर बरोबर होती. तरी आणून दिली. ओमला म्हटलं, अशी माणसं आहेत अजून, नशीब तुमचं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

परत विचारलं. परत नाही. त्याला त्याच्या गाडीची काळजी आहे तेवढी माझ्या आईची नाही. लिहून टाकलं एकदाचं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

पार्थ कारखान्यात बाईकवरून जातो – गाडीला नागापूरची धूळ लागू नये म्हणून! किल्ली फ्रिजवर असते.

गेला आत्ताच.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. आई आत आहे.

काल डांबर संपलं तिथे उतरले. किल्लीच्या टोकाने टायरच्या व्हॉल्व्हची पिन दाबली. फुस्स! काय बरं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, असंच दाबून धरावं. पण हवा मोजायचा काटा बघत चारी चाकं वीसवर आणली. ओढ्यापाशी मागची चाकं जागीच फिरायला लागली. जोर केला नाही. जोर केला की आणखी खाली जाते, हे नानांनी शिकवलेलं. उतरले, सोळावर आणली. चिखलात सोळा! क्लबाच्या शास्त्रात बसत नाही. मागे घेतली, मग हळूहळू पुढे. निघाली! वळणावर मात्र जीव मुठीत.

चिंचेपाशी नाना समोरून पळत आले, खांद्यावर साखळी. "थांबा पाव्हणं! तिकडून नगा घालू, मागल्यावानी रुतंल!"

मग त्यांना मी दिसले. साखळी खांद्यावरून खाली ठेवली.

मागल्यावानी म्हणजे? "काय न्हाई. आईला घे आदी. आभाळ आलंय."

येताना नाना आईला धरून मागे बसले, पण तिला एक हादरा बसला नाही. मऊ टायर. "झोळीत बसल्यावानी वाटतंय गं," म्हणाली. डांबरावर आल्यावर डिकीतल्या पंपाने बत्तीस भरली आणि तिला थेट भरती केलं.

पार्थचा कालपासून एकच मेसेज. "हवा परत भरलीस ना? किती?" आईचं एका अक्षराने विचारलेलं नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

पट्टी निघाली. दिसतंय! आई आधी मला म्हणाली, वाळलीस. दवाखान्याच्या दारात आलो तर गाडीकडे बघत राहिली.

"हीच का पाव्हण्यांची? मागल्या ऐतवारी नुसता आवाज आला हुता, चिंचेपाशी. लई येळ घुरघुरत हुती. मला वाटलं, मला दवाखान्यात न्यायला आले. चांगलं लुगडं नेसले, पिशवी घेतली न् ओट्यावर येऊन बसले. मग आवाज लांब गेला. तुजे नाना म्हनले, पोरीला सांगू नगं."

नाना खाली बघत होते.

"म्हनलं, आसंल कायतरी घाई."