तिसऱ्या दिवसाचं कोणी शिकवलं नव्हतं

१२ जानेवारी १९६८. मलकापूर.
सुशीला माहेरी, बीबीला, राहिली त्याला आज चाळीस दिवस. दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.
सासरे वारले तेव्हा मी गेलो होतो. पहिल्या दिवशी सगळं नीट केलं. मान खाली, बोलणं कमी, कोणी फार रडू लागलं की पाण्याचा तांब्या. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. सु. ओट्यावर रडत बसली होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "सव्वातीनची एस.टी. चुकेल." चुकलीच असती. ती म्हणाली, "तुमी एकटेच जा. दगडाले बी पाझर फुटते, तुमाले नाही."
बारा वर्षांचा संसार. मला ती घरात हवी आहे. हे तिला कळत नाही आणि मला काय कळलं नाही, तेच मला...

१५ जाने.
मी कामाला असतो त्या कापसाच्या जिनातल्या दवाखान्याच्या कंपाउंडरला सगळं सांगितलं. तो हसत नाही म्हणून त्यालाच सांगतो. म्हणाला, अकोल्याला मनाच्या डॉक्टरबाई आल्या आहेत, मुंबईला शिकलेल्या. दाखवून तर पाहा.
रजेच्या अर्जात खरं कारण लिहिलं. मुकादमानं कपाळावर हात मारला. "काऊन बे दामू, पोट दुखते लिहाव ना! आता पुरं जीन म्हनन, येडा झाला." पण पोट दुखत नव्हतं. एरवी हाच मुकादम व्यापाऱ्यांना सांगतो, दामूच्या बोटाले डोये हायेत म्हणून. चिमूटभर रुई ओढली की धाग्याची लांबी मला कळते, एवढंच.
वेडा असलो तर? तसं असेल तर तेही कळावं. सु.ला सांगायला निदान काहीतरी होईल.

२२ जाने. अकोला.
बाकावर सगळी लेकरं आणि त्यांच्या आया. बाईंचं मूळ काम लेकरांचं आहे म्हणे. शिपायानं विचारलं, पेशंट कुठाय? म्हटलं, मीच. छत्तीस वर्षांचा.
दोन तास विचारत होत्या. असे प्रश्न जगात असतात हेच ठाऊक नव्हतं! कोणता आवाज सहन होत नाही? (जिनाचा धडधडाट चालतो. कपात चमचा ढवळला की अंगावर काटा.) लग्नाच्या पंगतीतून उठून कुठे जाता? (बैलगाडीखाली. हे यांना कसं कळलं?) मला जे एकट्याचं वाटत होतं, ते त्यांच्याकडे प्रश्न होऊन आधीच लिहिलेलं.
"बोलताना तुम्ही डोळ्यांत पाहत नाही."
"भुवयांच्या मधे पाहतो. कुंकवाच्या जागी. अक्कानं तसं शिकवलंय."
बाईंनी पेन खाली ठेवलं. "अक्का कोण?"
थोरली बहीण, उंद्रीला दिलेली. म्हणाल्या, त्यांना घेऊन या. तुम्हाला लहानपणी ज्यांनी पाहिलं, त्यांच्याशिवाय हे काम पुरं होणार नाही. आई तर आता नाही.

५ फेब्रुवारी. अकोला.
अक्का हरभऱ्याची सोंगणी टाकून आली. बाईंसमोर आधी पदर सावरत बसली. मग बोलायला लागली ती थांबेना.
"चार वर्साचा होईस्तोवर हा बोललाच नाही. दिवसभर सरकी घेऊन रांगा लावे. कोनी रांग मोडली का आकांत! मायले वाटे, बाहेरचं झालं. मंग मीच याले एकेक गोष्ट शिकवली, पाढ्यावानी. पाहुना आला का 'कवा आले' म्हन. कोनी हासलं का तू बी हास. मौतीले गेला का मान खाली घाल."
बाईंनी विचारलं, "आणि तुम्हाला हे कुणी शिकवलं?"
अक्का हसलीच. "मले? मले काऊन शिकवाव लागन? ते तं येतेच ना मानसाले."
येतेच!
मी आजवर समजत होतो, घरोघरी एखादी अक्का असते. ज्याला थोरली बहीण नाही त्याला आई शिकवत असेल. सगळे शिकूनच येतात, माझंच पाठांतर कच्चं. तिसऱ्या दिवसाचं अक्काकडून राहून गेलं असेल, असं धरून चाललो होतो.
बाई म्हणाल्या, लेकरांसाठी इंग्रजीत एक शब्द आहे, ऑटिझम. मोठ्या माणसाला लावलेला त्यांनी पाहिला नाही. म्हणून आज कागदावर लिहून देणार नाहीत. मुंबईला त्यांच्या सरांना पत्र घालतील. "पण तुम्ही वेडे नाही. आणि दगडही नाही."
गाडीत अक्काकडे पाहत राहिलो. तेव्हा ती सात वर्षांची पोर. स्वतःला न शिकता जे येत होतं, ते तिनं सुटं सुटं करून माझ्या हातात दिलं. कसं केलं असेल? विचारलं. म्हणाली, "तू एकटा बसे ना, ते मले पाहवे नाही." अन् झोपली.

६ फेब्रु. मलकापूर.
संध्याकाळी बाजारात तासभर उभा. काही घेतलं नाही.
दोन बाया भेटल्या. एकीनं दुसरीच्या दंडाला हात लावला, तोच दुसरीचे डोळे भरले. बोलणं काहीच नाही. पहिलीनं तिला लोकांकडे पाठ होईल अशी वळवली. कुणीही शिकवलेलं नाही! पलीकडे भाजीवाला गिऱ्हाइकाचा नुसता चेहरा पाहून दोन मिरच्या जास्त टाकतो, तेही शिकवल्याशिवाय. माझ्या बोटांचं लोकांना नवल. यांचं नवल कुणालाच वाटत नाही. मला तर गदगदून आलं. एक जण विचारून गेला, "काही हरपलं काय भाऊ?"

११ फेब्रु. बीबी.
मुंबईचं उत्तर यायचं आहे. थांबवेना. आलो.
सु. ओट्यावर तूर पाखडत होती. उभ्यानंच सांगितलं. "तू रडतेस ते मला दिसतं. पुढे काय करायचं ते येत नाही. बाकीच्यांना ते आपोआप येतं, हे मला परवा कळलं. तू सांगशील ते करीन."
सूप थांबलं. "म्हंजे बारा वर्स मी वाट पाह्यली का तुमी समजसान. अन् तुमी?"
"मला वाटत होतं, सगळं बरं चाललंय."
ती हसली, लगेच रडली. मग चिडली, कितीतरी जुनं काढलं. मी एकेक ऐकलं. त्यातलं निम्मं मला ठाऊकच नव्हतं.
शेवटी म्हणाली, "त्या दिशी नुसतं बाजूले बसाचं होतं. काही बोलाचं नव्हतं."
"किती वेळ?"
तिनं सूप बाजूला ठेवलं. "मी उठा म्हनेस्तोवर."
घरी येशील का, विचारलं. "ते मलेच मालूम नाही अजून." म्हणजे तिलाही स्वतःचं न कळणारं असतं! हे मला कधी सुचलंच नव्हतं.
बसलो. तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. वही मांडीवर ठेवून हे लिहितो आहे. ओट्यावरचं ऊन गेलं. तिनं अजून 'उठा' म्हटलेलं नाही.