चकतीखालचा आवाज

१ डिसेंबर, सोमवार
स्फाक्स! गफ्साच्या फॉस्फेट खाणीने मला भाषणं करतो म्हणून हाकललं आणि या तेलाच्या गावाने दुसऱ्याच दिवशी काम दिलं. ऑलिव्हचा हंगाम भरात आहे. रस्त्यालासुद्धा कडवट, हिरवा वास येतो. सकाळी मिरचीचा हरीसा घालून लबलाबी, हरभऱ्याचा गरम रस्सा, खाल्ला, जीभ पेटली, मन प्रसन्न झालं.

माझं काम बाटलीची मोहोर, म्हणजे सील, तपासायचं. बाटलीत तेल भरतं, टोपण बसतं आणि बाटली विजेच्या तारेच्या एका वेटोळ्याखालून सरकते. ना ज्योत, ना स्पर्श. तरी टोपणातली चंदेरी चकती आपोआप तापते आणि बाटलीच्या तोंडाला चिकटते. मी अधूनमधून एक बाटली उचलतो, टोपण काढतो, चकती अंगठ्याने दाबून बघतो. दाबली गेली, तरी सुटता कामा नये. आतली हवासुद्धा कैद होते, असं मालक सी नूरी अभिमानाने म्हणाले. रोजच्या तीन बाटल्या तारीख घालून त्यांच्या कपाटात राहतात.

२ डिसेंबर
इथल्या चाळीस बायका हंगामी आहेत. बारा-बारा वर्षं हंगामी! हंगाम संपला की घरी. येत्या तेरा तारखेला, शनिवारी, सरकारी कामगार निरीक्षक येणार आहे. त्याच्यासमोर बायकांच्या वतीने मी बोलायचं, असं आज ठरलं. मी पुढे झालो नाही, त्यांनीच ढकललं. मोहोर लावायच्या यंत्रावरच्या मन्नूबियामावशीने टोमणा मारलाच, की गफ्सात धूळ खाऊन खाऊन या पोराचं तोंड एवढं मोठं झालंय, तर आता त्याचा उपयोग करून घेऊ या.

तिने एक अटही घातली. तेल पडतं तिथपासून टोपण बसतं तिथपर्यंत कुणी बोलायचं नाही. बिस्मिल्ला म्हणायचं आणि ओठ मिटायचे. उघड्या भांड्यावर बोललं की बोल आत जातो. मी हसलो. माणसाला गप्प ठेवायला मालकांनी असल्या किती समजुती पोसल्या आहेत!

४ डिसेंबर
नेमक्या त्याच जागी उभा राहून आज दिवसभर बोललो. सगळ्या बायका ऐकू शकतील अशी तेवढीच एक जागा आहे. माझ्या छातीखालून उघड्या बाटल्या चालल्या होत्या आणि मी गरजत होतो, की आम्हांला भीक नको, आम्हांला हक्क हवा, अन्यायाची तक्रार करणं हा गुन्हा नाही! मन्नूबिया कानांवर हात ठेवून उभी होती. सी नूरी आपल्या खोलीच्या काचेआडून बघत होते. त्यांनी अडवलं नाही. उलट यंत्राचा वेग कमी करायला लावला.

खोकी भरणारा हेदी मात्र रडत होता. तो मुका आहे.

७ डिसेंबर, रविवार
चमत्कारिक घडलं. कॉफीवाल्याने विचारलं, साखर घालू का. मला नको होती. नकाराचा शब्द ओठांवर येईना. थकवा असेल. गोडमिट्ट कॉफी प्यालो.

घरी आरशासमोर शनिवारचं भाषण म्हणून पाहिलं. मध्येमध्ये भोकं पडतात. जीभ हलते, आवाज निघत नाही.

९ डिसेंबर
तपासणीसाठी चार तारखेची एक उरलेली बाटली घेतली. चकती वर फुगली होती, कुणी आतून अंगठ्याने रेटावी तशी. सोलली.

आतून माझा आवाज आला. एकच शब्द. हक्क.

मी बाटलीला कान लावून उभा राहिलो. तेल, फक्त तेल. तो शब्द माझ्याकडे परत आला नाही. दारातून निघून गेला.

हेदीने खोकं खाली ठेवलं आणि स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. मन्नूबियाला विचारलं. ती म्हणाली, की हेदी जन्माचा मुका कुठे? दोन वर्षांपूर्वी बायकांच्या वतीने बोलायला तोच उभा होता. लग्नात गायचा, बाबा. तुला सांगितलं होतं ना, गाढवा.

११ डिसेंबर
कालपासून नुसता श्वास. मन्नूबियाला पाटीवर लिहून दाखवलं, की माझ्याऐवजी तू बोल. तिने ओढणीने डोळे पुसले. ती म्हणाली, की आमच्यातली जी बोलेल ती उद्याच घरी जाईल.

गोदामात गेलो. हजारो बाटल्या. सगळ्यांच्या टोपणांखाली बारीक — कुजबुज. माझीच.

१२ डिसेंबर
कपाटाची किल्ली सी नूरींच्या गळ्यात. आज ते खोलीत कपाटापुढे बसून बाटल्या निवडत होते. कानाशी धरायचे, हलवायचे, एकेक बाजूला ठेवायचे. मला पाहून प्रेमाने म्हणाले, की लझर बेटा, घसा सांभाळ.

१३ डिसेंबर, शनिवार, दुपार
झालं.

निरीक्षक आला. बायका भिंतीला रांगेने. मी उभा — तोंड उघडं —

सी नूरी म्हणाले, की आधी आमची मोहोर किती पक्की ते साहेबांनी बघावं. तीन बाटल्या मांडल्या. पहिली सोलली. माझा आवाज, स्वच्छ, भरदार — आम्हांला. दुसरी — तक्रार. तिसरी — नाही.

निरीक्षक माझ्याच ओठांकडे बघत होता. ते उघडेच होते. त्याने लिहून घेतलं.

मी टेबलावर मुठी आपटल्या. मान हलवली. मन्नूबियाने माझ्याकडे पाहिलं — नंतर कुणीच नाही.

संध्याकाळ
एक बाटली कोटाखालून आणली आहे. कपाट उघडं होतं तेव्हा. चार तारखेची, बहुतेक. एक शब्द तरी. तो बाहेर पडायच्या आत गिळायचा. उद्या फाटकावर बायकांसमोर —

चकती वर आली आहे. मी हात लावलेला नाही.

तारीख चारची नाही. दोन वर्षांपूर्वीची.

कडेने फाटली. मी तोंड लावलं होतं — आवाज आत गेला — माझा नाही, हेदीचा — माझ्या गळ्यातून बोलतोय, थांबत नाही — सांगतोय की त्याच्या वेळी निरीक्षक आला त्या दिवशी त्यानेही एक बाटली घरी आणली होती, त्याच्या आधीच्या माणसाची, आणि तोंड लावल्यावर त्या माणसाने त्याच्या हातातलं लिहिणंही नेलं, आता माझ्या हाता —