लिंबोणीचा माठ

राजकोट, ८ मे

चि. अनंत यास मोटीबेनचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

खुशाली नंतर विचारते, आधी माझा संताप ऐक. आपल्या बाने, त्या माउलीने, माझ्याकडे असताना लावलेली लिंबोणी वाळते आहे आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जयसुखभाई तिच्या मरणाची तारीख ठरवून बसलेत! महिनाअखेरच्या रविवारपर्यंत पालवी दिसली नाही तर झाड तोडून तिथपर्यंत हिरवळ वाढवणार म्हणे. कुठल्या पाण्यावर? आमच्या नळाला दिवसाआड पाणी, आणि यांच्या गवताला रोज टँकर! मी विचारलं, भाई, गवताला लिंबं लागतात का? तर म्हणे, बेन, सोसायटीला शोभा नको का? बायका भाजी धुतलेलं पाणी जपतात, तो म्हणे गचाळपणा. हे पिण्याचं पाणी मातीत ओततात, ती शोभा!

मी गप्प बसलेली नाही. दरवर्षीसारखा अखात्रीजेला, अक्षय्य तृतीयेला, नवा माठ आणला आणि जुना लिंबोणीच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुरला. भाजीचं पाणी गाळून त्यात भरते. आठवडा झाला, माठ काठोकाठ आहे, तरी पानं गळताहेत! जयसुखभाईंनी मुळांत काहीतरी ओतलंय, माझी खात्री आहे. सभेत चारचौघांत विचारणार आहे.

भाभीला आठवण सांग.

तुझी मोटीबेन


भावनगर, १२ मे

ती. मोटीबेनच्या चरणी सा. न. वि. वि.

तुझं पत्र इतकं तापलेलं की हातात घेववेना. तुझी भाभी म्हणाली, आधी माठाजवळ ठेवा, गार होऊ द्या.

टँकरवरून जयसुखभाईंना हवं ते बोल, पण विषाचं नको. माठ भरलेलाच राहिला, हे तूच लिहिलं आहेस. मग झाड प्यायलं काय? आपण माठ दरवर्षी बदलतो कशाला? क्षार साचून जुना पाझरत नाही, पाणी गार होत नाही, म्हणूनच ना? जो तुम्हाला गारवा देईना तो मुळांना ओल कुठून देणार? नवा पुर. मेहुणे कुरकुरले तर माझं नाव पुढे कर.

आशीर्वाद असू दे, रागही थोडा असू दे.

तुझा अनंत


राजकोट, २६ मे

चि. अनंत यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पटलं, आणि पटलं म्हणून आणखी राग आला. त्याच दिवशी नवा माठ पुरला. जुना उकरून, उकळत्या पाण्याने धुऊन घरातल्या पाणियाऱ्यावर, पिण्याच्या पाण्याच्या ओट्यावर ठेवला. तुझे मेहुणे कडाडले, भर उन्हाळ्यात नवा माठ झाडाला आणि जुना नवऱ्याला? म्हटलं, तुम्हाला पालवी फुटणार असेल तर तुम्हाला देते.

माठ भराभर रिकामा व्हायला लागला. काल जयसुखभाई कुऱ्हाडवाल्याला घेऊन हजर! फांद्यांच्या टोकांना कोवळी तांबूस पालवी. म्हणे, एवढीशी धरायची का? मी सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्या घरात बाळ जन्मतं तेव्हा वजन करून मग धरता का? बायका हसल्या, कुऱ्हाड परत गेली. टँकर मात्र आज सकाळीही आला! त्यावर सभा मी बोलावली आहे.

काल उन्हात उभे राहून जयसुखभाईंचा घसा सुकला. घरी आले, पाणी मागितलं. एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं, विचारलं, बेन, या घरात चांगला माठ नाही? म्हटलं, आहे ना, नवाकोरा आहे. जी फळं देणार तिला दिलाय. तुमचं गवत काय देतं ते सांगा, तुमच्यासाठीही आणते.

पहिली लिंबं तुमची, लोणचं भाभीच्या हातचं. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी मोटीबेन