अमेरिकेतली लढाई आणि आपलं वावर

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं. तिकडे वर एखादा पंतोजी भेटला असेल, या भरवशावर शुद्ध आणि सुटं सुटं लिहितो आहे. उद्या तिफण निघायची आहे आणि काय पेरावं हे माझं अजून ठरत नाही. तुम्ही गेल्यानंतरची ही पहिली पेरणी. विचारू कोणाला?

अमेरिकेतली लढाई संपली. आधी मुंबईला कळलं, मग अमरावतीला, आणि काल दलाल रहीमभाईंनी आपल्या ओसरीवर बसून सांगितलं. "तिकडचा कापूस पुन्हा विलायतेले निघाला, अन् आपल्या कापसाचा भाव पडला, बेटा. पर चढेल पुन्हा. साहेबाच्या गिरन्या काय गवत कातनार हायेत?"

मुलूख निजामाचा, अंमल इंग्रजांचा, आणि आपला भाव ठरवणारे कोण, तर आपण कधी न पाहिलेले दोन भांडखोर. या काळ्या मातीनं आपल्याला कुठे कुठे नेऊन बांधलं, नाही का?

बाजारातली मंडळी देवीला नवस करायला निघाली होती, लढाई चालूच राहू दे म्हणून. आठवतं? तुमच्याही हाती नारळ दिला, तो तुम्ही परत केलात. "कोन्या मायचे लेकरं मरून राहिले तिकडं, अन् मी नारळ फोडू?"

"मंग भाव पडल्यावर रडू नको," कोणीतरी टोमणा मारला.

पण बाबा, त्याच भावावर तुम्ही पोळ्याला बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्यात, ते कसं? ढवळ्या तर इतका ऐटीत चालायचा, की मागे गाडी आहे हेच विसरायचा!

सगळ्या वावराला पुरेल एवढी सरकी मी शेणमातीत चोळून वाळत घातली, म्हणजे दाण्याला दाणा चिकटणार नाही. मायनं शेजारी ज्वारीचं बियाणं आणून ठेवलं.

"हे कायले?" मी विचारलं.

"मागच्या साली समद्यांनी कापूस पेरला. आता बाजारात ज्वारी दिसत नाही. भाकर कापसाची थापू काय?"

"अन् भाव चढला तर?"

"चढू दे. भावाले पोट नाही, आपल्याले हाय."

लिहिता लिहिता ठरलं, बाबा. नाल्याकडचं अर्धं वावर ज्वारीचं, उरलेलं कापसाचं. उद्या तिफणीचं पहिलं तास, पहिली ओळ, ज्वारीचं. ते थोडं वाकडं जाईल. माझा हात तुमच्यासारखा स्थिर नाही. पण शब्द देतो, कापसाचा भाव समुद्रापलीकडे कोणी ठरवायचा तो ठरवो, आपल्या चुलीवर काय शिजायचं ते याच वावरात ठरेल.

तुमचा,
नारायण