मॉनिटर केवढा घ्यायचा

८ एप्रिल २०१६, लातूर
लिहायची सवय कॉलेजबरोबरच सुटली होती. आज बसले ती रागानं. कॉलनीच्या टाकीतलं पाणी चोरीला जातंय. टँकर आठवड्यातून एकदा, अन् तिसऱ्या दिवशी टाकी तळाला. मीटिंगमध्ये सगळ्यांनी चोर ठरवूनही टाकला – वॉचमन नरसिंग. पुरावा? "मुरुडकडचा आहे, तिकडंही पाणी नाही." झालं! मी सचिव. म्हटलं, आधी कॅमेरा लावा, मग बोला. महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली. तोवर दुसरा चोर दिसला नाही तर नरसिंगला काढणार.
तो एवढंच म्हणाला, "बाई, म्या घोटभरबी घेतलं न्हाई."

११ एप्रिल
कंप्युटरच्या दुकानातला बसवराज येऊन टाकीवर कॅमेरा बसवून गेला. रेकॉर्डिंगचं यंत्र माझ्या हॉलमध्ये. मॉनिटर आपण निवडायचा. अध्यक्ष विरूपाक्षअप्पा म्हणाले, "बत्तीस इंची घ्या. चोराच्या मिशा दिसल्या पाहिजेत." एकमतानं मंजूर. या कॉलनीत असं प्रथमच.

१३ एप्रिल
कोणीतरी विचारलं, कॅमेऱ्यात काय काय येतं? खरं ते सांगितलं – टाकी, तोटी अन् सगळ्यांची मागची दारं.
मग सगळ्यांना काटकसर सुचली. अप्पा बत्तीसवरून एकोणीसवर आले. शेजारच्या सौदामिनीबाई म्हणाल्या, "पंधरा पुष्कळ झाला. आपल्याला काय सिनेमा बघायचाय?" आमचे हे, माधवराव, निवृत्त प्राध्यापक, त्यांना डोळ्यांच्या आरोग्याची काळजी. माळ्यावरचा आपला जुना डबाच लावू म्हणाले. त्या डब्यात हत्तीसुद्धा धुक्यात उभा दिसतो.

१७ एप्रिल
निर्णय नाही. अप्पा म्हणे, "उदगीर जिल्हा होऊ द्या, मी तिकडंच जातो. मग घ्या हवा तेवढा." ती मागणी वर्षानुवर्षं लोंबकळतेय, म्हणजे कधीच घेऊ नका.
पाणी कमी होतंच आहे. सौदामिनीबाईंनी दोनदा विचारलं, "मॉनिटर नाही तोवर कॅमेरा आंधळाच ना?" हो म्हटलं. मला तरी काय कळतं त्यातलं.

२० एप्रिल
माधवरावांनी टेबलावर गुलाब ठेवला. गॅलरीतल्या कुंडीचा, या उन्हात! भांडी विसळलेल्या पाण्यावर जगवलाय म्हणाले. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये मी त्यांचं उदाहरण दिलं. माधवराव विनयानं खाली बघत होते.

२६ एप्रिल
नरसिंगनं आपली ट्रंक बांधायला घेतली आहे. मी दुकानात गेले आणि माझ्या पेन्शनमधून बावीस इंची घेऊन आले. सगळ्यांत स्वच्छ चित्राचा. कोणाला विचारलं नाही.

२८ एप्रिल
बसवराज मॉनिटर जोडायला आला. समितीला चहाला बोलावलं होतं. मी म्हटलं, आजपासून चोर दिसेल.
"आजपासून कसं, मॅडम? कॅमेरा लावला त्या दिवसापासून रेकॉर्डिंग चालूच हाय. मॉनिटर नुसता बघायला लागतो."
सौदामिनीबाईंचा कप बशीत वाजला. अप्पांना एकाएकी काम आठवलं. मी दाराला कडी लावली.
सगळं भरदुपारी, कॉलनी झोपलेली असताना. अप्पा पाइप लावून गाडी धुताहेत. मिशा स्पष्ट. सौदामिनीबाई दोन कळशा घेऊन, पुन्हा दोन कळशा घेऊन. नरसिंग एकदाच दिसतो. कोणीतरी उघडी टाकलेली तोटी बंद करतो अन् जातो.
मग तिसरा चोर. रोज. हातात झारी.
बसवराजनं माझ्याकडं बघितलं. "बंद करू का, मॅडम?"
म्हटलं, चालू दे. माधवराव सगळ्यांसाठी पाणी आणतो म्हणून आत गेले होते, ते बाहेर आलेच नाहीत.

१ मे
चित्रण समितीकडे दिलं. पूर्ण, आमच्या घरचा माणूस न कापता. सचिवपदाचा राजीनामाही त्यासोबत. मॉनिटर वॉचमनच्या खोलीत लावून दिला. टाकीची किल्ली नरसिंगच्या हातात. झारी द्यायला माधवरावांनाच पाठवलं, मी मागं उभी होते.
नरसिंगनं झारी घेतली. म्हणाला, "सर, गुलाबाला रोज किती लागतंय?"